वज्राआत्याचा शेला

फार पूर्वी, डोंगर अजून आपापल्या जागी नीट बसलेही नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगराळ राज्यात एक राखणदारीण होती. आजची मुलं तिला सुपरहिरो म्हणाली असती. लोक तिला वज्राआत्या म्हणत. ती आभाळातून उडत येई, ढासळणारा बुरूज खांद्यावर तोलून धरी, पुरातून गुरंढोरं बाहेर काढी. तिच्या खांद्यावरचा लाल शेला लांबून दिसला, की रडणारी पोरं गप्प होत.

पण राखणदारांनाही गुडघे असतात. आत्याचे गुडघे दुखू लागले, उंच गेलं की डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. मग तिने ते काम सोडलं. आता ती उडायची ती फक्त शिंक्यातलं मडकं काढण्यापुरती, जमिनीपासून हातभर.

राजाने तिला निरोप धाडला, "आत्या, तुम्ही थांबलात, पण संकटं थांबली नाहीत. कुणाला तरी तयार करा."

दवंडी पिटली गेली. अंगात काही वेगळं बळ असलेली तरणी मंडळी आत्याच्या अंगणात जमली. बरीचशी परत गेली, कारण आत्या नुसतं जिभेने नाक शिवण्याला बळ मानत नव्हती. उरली ती चौघं.

हणमा बैलांसकट गाडी एका हाताने उचली. बैलांना ते आवडत नसे. वेणू इतकी जोरात पळे, की तिची सावली मागाहून पोचे. सुकदेवच्या एका फुंकरीने गवताची गंजी शेजारच्या गावात जाऊन पडे. जेवताना त्याला सगळ्यांपासून लांब बसवावं लागे, कारण गरम भातावर फुंकर घालायची त्याची सवय काही जात नव्हती.

चौथी होती तुळसा. तिचं नुकतंच लग्न झालं होतं. तिचं बळ कानांत होतं. शेजारच्या घरात गुळाच्या ढेपेवर मुंगी चढली तरी तिला ऐकू येई. नव्या सुनेला असे कान असणं चांगलं की वाईट, हे तिचं तिला अजून ठरवता आलं नव्हतं. ओसरीवर पाहुण्या बायका तिच्याबद्दल हळू आवाजात बोलत, आणि ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटत सगळं ऐके. मग गूळपाणी घेऊन बाहेर येई आणि हसून सगळ्यांना नमस्कार करी.

आत्याकडे जायचं म्हणून तिने विचारलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "लोकांच्या सुना पापड लाटतात. आमची राज्य राखायला निघाली. जा बाई. जाताना दही विरजून जा." आणि तुळसा उंबऱ्याशी पोचल्यावर पुढे म्हणाल्या, "दसऱ्याला राजा शेला देतो म्हणे. मिळाला तर तू राखणदारीण. नाही मिळाला, तर घरची सून. मग त्या कानांचं पुन्हा नाव काढायचं नाही."

तुळसाने मान हलवली. तो शेला तिला किती हवा होता, हे तिने कुणालाच सांगितलं नाही. मागण्याची तिला सवय नव्हती.

आत्याचं शिकवणं मोठं विचित्र होतं. पहिल्याच दिवशी एका शेतकऱ्याची भरली गाडी चिखलात रुतली. हणमाने ती अशी उपसली, की बघणाऱ्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. गावाने जिलबी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या म्हणाली, "चला, काल गेलो होतो तिथे."

"तिथलं झालं की, आत्या," हणमा म्हणाला.

"कालचं झालं. आजचं कुठे झालंय?"

गेले, तर गाडीचा आस मोडलेला. हणमाच्या ओढण्यानेच मोडला होता. एक बैल लंगडत होता. रस्त्यात कमरेएवढा खड्डा पडला होता. आत्या बांधावर जाऊन बसली. तिने शेतकऱ्याला विचारलं, "काय बिघडलं?"

"काही नाही, आत्या," शेतकरी म्हणाला.

आत्या उठली नाही. तिने पाणी मागितलं, ते सावकाश प्यायली, आभाळाकडे बघत राहिली. बऱ्याच वेळाने शेतकरी पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाला, "तेवढा आस…"

"पहिल्यांदा सगळे 'काही नाही' म्हणतात," येताना आत्याने सांगितलं. "आपण त्यांचा जीव वाचवलेला असतो ना, त्यामुळे त्यांना तक्रार करायची लाज वाटते. तेव्हा बसून राहायचं."

तुळसाला हे शिकवावं लागलं नाही. लग्न झाल्यापासून तीही दिवसातून कितीदा तरी 'काही नाही' म्हणत होती.

बाकीच्यांना मात्र हे काम आवडेना. मांडव घालायला सगळा गाव येतो, तो काढायला कोण येतं? संकटाच्या दिवशी ढोल असत, हार असत. दुसऱ्या दिवशी असत खड्डे, मोडकी कुंपणं आणि कुणाची तरी बिथरलेली म्हैस. सुकदेवने त्याचं नाव ठेवलं, शिळं काम.

"आज ताजं की शिळं?" तो रोज सकाळी विचारी.

"शिळंच," आत्या शांतपणे म्हणे. "ताजं मिळालं तर शिंग वाजेलच."

त्या राज्यात प्रत्येक गावाच्या वेशीवर एक शिंग टांगलेलं असे. संकट आलं की ते फुंकायचं. त्याचा आवाज राजधानीपर्यंत जाई.

शिळ्या कामाला हिंडताना तुळसाच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. गावोगावी कुठे ना कुठे लाल कापडाची एखादी विटलेली चिंधी बांधलेली दिसे. कुठे फाटकाच्या बिजागरीला, कुठे पाळण्याच्या दोरीला, कुठे विहिरीच्या मोडक्या रहाटाला. एका शेळीच्या गळ्यात तर घंटा होती ती अशाच चिंधीने बांधलेली. तुळसाला वाटलं, या बाजूची काहीतरी रीत असेल.

एकदा वेणूने विचारलं, "आत्या, तुमचा शेला कधी दाखवाल आम्हाला?"

"वापरला," आत्या म्हणाली, आणि शेंगा सोलत राहिली.

दसरा दोन दिवसांवर आला आणि उंबरगावचं शिंग वाजलं. पण त्याच्या आधीच तुळसाने अंगणात हातातलं सूप खाली ठेवलं होतं. तिला डोंगरात खडक तडकल्याचा आवाज आला होता.

"उंबरगावच्या वरचा कडा सुटतोय," ती म्हणाली.

वेणूने तुळसाला पाठुंगळी घेतलं आणि चौघं निघाली. पोचता पोचता घराएवढी एक धोंड डोंगरावरून गडगडत निघालीच होती. वेणूने घराघरांतून माणसं बाहेर काढली. सुकदेवने एका दमात धुळीचा लोट मागे ढकलला. तुळसा कान देऊन ओरडत राहिली, "डावीकडून येतेय, आता उजवीकडे वळली." आणि हणमाने शेवटच्या घराच्या पडवीशी ती धोंड छातीवर झेलली, डोक्यावर उचलली आणि गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या घळीत फेकून दिली. धोंड घळीत अशी चपखल बसली, की जणू तिथल्याच मापाची होती.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. गावाने चौघांना डोक्यावर घेतलं. ढोल आले, गुलाल आला. राजाचा स्वार घोडा फेसाळून आला आणि त्याने निरोप सांगितला, "शेल्यांसाठी दसऱ्याची वाट बघायची नाही. उद्याच दरबार. चौघांनाही शेले."

त्या गडबडीत तुळसाला एक म्हातारा दिसला. तो गर्दीच्या मागे, रिकामी घागर काखेत घेऊन उभा होता. घागरीच्या मानेला लाल चिंधी होती.

"काय झालं, बाबा?" तिने विचारलं.

"काही नाही, पोरी," म्हातारा म्हणाला. "चांगलं झालं सगळं. सुखी राहा."

तिला थांबायचं होतं. पण तेवढ्यात कुणीतरी तिच्या गळ्यात हार घातला, आणि वेणूने हात धरून तिला ढोलाच्या रिंगणात ओढलं.

घरी आत्या गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "छान. उद्या जाऊन या."

"उद्या दरबार आहे, आत्या," हणमा म्हणाला.

"हो का," आत्या म्हणाली. "दरबारही आहे खरा." आणि दुसऱ्या गुडघ्याला तेल लावू लागली.

सकाळी राजाचा रथ आला. पुढे वाजंत्री, मागे भालदार. वाटेत तुळसाच्या गावाशी रथ थांबला, आणि सासूबाई वर चढल्या. त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. चढण्याआधी त्यांनीच तुळसाला घरात नेऊन लग्नातला शालू नेसायला लावला, केसांत वेणी माळली. आदल्या संध्याकाळपासून त्यांनी अख्ख्या आळीला सांगितलं होतं, विहिरीवर सांगितलं होतं, ज्या बाईशी आठ वर्षं अबोला होता तिलासुद्धा सांगितलं होतं.

"पदर नीट घे," त्या रथात म्हणाल्या. "राजा शेला घालेल तेव्हा खाली बघू नकोस. तुला खाली बघायची फार सवय." हे बोलताना त्यांनी सुनेच्या कानामागची बट सारखी केली. आजवर त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

वाजंत्रीने एवढा कल्लोळ केला होता, की तुळसाला दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं. ऐकू येत होतं ते फक्त कालचं. काही नाही, पोरी.

रस्त्याला फाटा आला. एक वाट राजधानीला जात होती, दुसरी उंबरगावला.

"जरा थांबवता का?" तुळसा म्हणाली.

"काय गं?" वेणूने विचारलं.

"उंबरगावला जाऊन येते. कालच्या ठिकाणी."

सुकदेव हसला. "आज कसलं आलंय शिळं? आज जेवायला पुरणपोळी आहे."

"उद्या जाऊ की आपण," हणमा म्हणाला. "नक्की जाऊ. शेला घेऊनच जाऊ, लोकांनाही बरं वाटेल."

तुळसाने सासूबाईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता. आता चिडतील, असं तिला वाटलं. शेला गेला, कान गेले, सगळं गेलं, हेही तिला कळत होतं. तरी ती खाली उतरली.

"कुणी मेलंय का तिथे?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई."

"कुणी बोलावलंय?"

"नाही. एक म्हातारे बाबा 'काही नाही' म्हणाले होते."

एका घरात अनेक वर्षं सून म्हणून राहिलेल्या बाईला या दोन शब्दांचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. सासूबाईंनी सुनेच्या निऱ्यांकडे बघितलं आणि त्या म्हणाल्या, "शालू वर खोच. काट्यांत अडकेल."

आणि रथ पुढे गेला.

उंबरगाव कालच्या जेवणाने सुस्तावलेलं होतं. म्हातारा ओढ्याकाठी बसला होता, घागर शेजारी उपडी घालून. ओढ्यात पाणी नव्हतं. दसऱ्याच्या दिवसांत दुथडी वाहणाऱ्या ओढ्यात नुसते ओले दगड होते.

"काय बिघडलं, बाबा?"

"काही नाही, पोरी."

तुळसा शालूनिशी दगडावर बसली. एक खेकडा ओल शोधत तिच्या पायाजवळून गेला. म्हाताऱ्याने खाकरून घसा साफ केला, दोनदा उठल्यासारखं केलं, पुन्हा बसला.

"काल ती धोंड घळीत पडली ना," तो अखेर म्हणाला, "तेव्हापासून पाणी आटलंय. पण तुम्ही एवढं गाव वाचवलंत. त्यावर पाण्याचं रडगाणं कुठे गायचं? लोक म्हणतील, म्हाताऱ्याला उपकाराची जाण नाही."

तुळसा उठली आणि घळीकडे धावली. धोंडेला कान लावला. पलीकडे पाणी तुंबत होतं. कालपासून, सारखं. धोंडेखालची बारीक खडी एकेक करून निसटत होती, दात खाल्ल्यासारखा आवाज येत होता. धोंड सुटली, तर ते सगळं पाणी एकदम सुटणार होतं. आणि खाली, ओढ्याच्या वळणावर, खालची वाडी होती. तिथून तिला पाट्यावर वाटण वाटल्याचा आवाज येत होता, आणि एक बाळ उचक्या देत होतं.

तिच्याकडे नुसते कान होते. कानांनी धोंड धरता येत नाही. ती वेशीवर गेली आणि तिने शिंग फुंकलं.

मग ती पुन्हा घळीशी आली आणि लांबवर ऐकू लागली. राजधानीत वाजंत्री चालू होती. राजा नाव पुकारत होता. "हणमा." तेवढ्यात शिंगाचा आवाज तिथे पोचला असावा, कारण वाजंत्री थांबली. कुणीतरी म्हणालं, "उंबरगाव? तिथलं तर कालच झालं." सुकदेवचा आवाज आला, "तुळसा गेलीय तिथे." तुळसाने डोळे मिटून घेतले. तिला वाटलं, ते म्हणतील, उद्या बघू.

तेवढ्यात राजाने हातात धरलेल्या शेल्याचं रेशीम वाऱ्याने फडफडल्याचा आवाज आला. आणि त्यामागोमाग, साऱ्या राज्यात जे एकाच माणसाचे असू शकत होते, असे धावणारे पाय.

वेणू आली ती थेट खालच्या वाडीत शिरली. हणमा आणि सुकदेव येईपर्यंत तिने वाडी डोंगरावर नेली होती, पाटे-वरवंटे आणि उचक्या देणाऱ्या बाळासकट.

हणमा धोंडेशी गेला आणि बाह्या सारत म्हणाला, "एका हिसक्यात काढतो."

"नको," तुळसा म्हणाली. "कालही एकाच हिसक्यात टाकली होतीस."

हणमाने मान खाली घातली. मग तुळसा धोंडेला कान लावून बसली आणि सांगू लागली. "या कोपऱ्यातून. बोटभर. बास." पाण्याची एक धार सुटली. "आता थांब. तिकडची खडी बसू दे." वेणू गावात फिरून पहारी आणि टोपल्या घेऊन आली. सुकदेव आयुष्यात पहिल्यांदाच हळू फुंकायला शिकला. गाळ सुकवायला जोरात फुंकून चालत नव्हतं. काम चालू राहिलं आणि दुपार कलली. बघायला कुणी नव्हतं. होता तो म्हातारा, आणि काही शेळ्या.

मध्येच वज्राआत्या आली. भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन, हातभर उंचावरून हळूहळू तरंगत, बाभळीच्या काट्यांतून पाय वर उचलत. तिच्यामागे एक बाई चिखलातून पाय ओढत येत होती. त्या सासूबाई होत्या, ठेवणीतलं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून.

"जेवून घ्या," आत्या म्हणाली. सुकदेवने भाकरीचा तुकडा मोडला, आत्याकडे बघितलं आणि कसनुसं हसला. भाकरी सकाळची होती.

उन्हं उतरली तेव्हा ओढा पुन्हा वाहू लागला होता, आपल्या जुन्या वाटेने. म्हाताऱ्याने घागर भरली, आणि पहिलं पाणी त्या चौघांना पाजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने कुणाला उठवलं नाही. ती उठली तेव्हा अंगण रिकामं होतं. चौघं आधीच उंबरगावला पोचली होती. काल पाण्याच्या धारेने खालच्या वाडीतल्या एका गोठ्याची भिंत खचवली होती. गोठ्याचा मालक 'काही नाही' म्हणाला, तेव्हा हणमाच मांडी घालून त्याच्यासमोर बसला.

आत्या सासूबाईंना घेऊन मागाहून पोचली, आणि तिथेच राजा आला. वाजंत्री नाही, भालदार नाहीत. काखेत एक बोचकं होतं, आणि कपाळावर आठ्या.

"मी शेला हातात धरून किती वेळ उभं राहायचं?" तो म्हणाला. "सगळा दरबार माझ्याकडे बघत होता."

"तुम्हीही दुसऱ्या दिवशी आलात," आत्या म्हणाली. "हे चांगलं झालं."

राजाने बोचकं सोडलं. मग त्याने गोठ्यातल्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर उभं राहून चौघांच्या खांद्यांवर लाल शेले घातले. तुळसाने त्या वेळी खाली बघितलं नाही. समोर सासूबाई उभ्या होत्या.

राजा वळला तेवढ्यात गोठ्याच्या छपराचा वासा करकरला. कुणाला ऐकू आलं नाही, तुळसाला आलं. बांधायला दोर शोधावा, तर दोर नव्हता. तिने खांद्यावरच्या शेल्याकडे बघितलं. मग आत्याकडे बघितलं. आणि तिला ती फाटकाची बिजागरी आठवली, पाळणा आठवला, शेळीची घंटा आठवली, म्हाताऱ्याची घागर आठवली.

"वापरला म्हणजे असा?" तिने विचारलं.

"मग शेला कशाला असतो?" आत्या म्हणाली.

तुळसाने काठापासून एक पट्टी फाडली आणि वासा बांधला. टर्रकन आवाज झाला तेव्हा राजाने मागे वळून बघितलं.

परतताना सासूबाईंनी सुनेचा फाटका शेला हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. आता काय ऐकावं लागतंय, या धास्तीने तुळसा चालत राहिली.

"एक पट्टी मला ठेव," सासूबाई म्हणाल्या. "दह्याच्या मडक्याला चीर गेलीय. किती दिवस झाले. म्हटलं, सांगायचं कशाला."

तात्पर्य: ज्याला वाचवलं त्याच्या दारात जो दुसऱ्या दिवशी, ढोल थांबल्यावर, पुन्हा जाऊन बसतो, तोच खरा राखणदार.